मास्तरचं बिऱ्हाड आणि एक मे

आज ३० एप्रिल २०२५. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत. आमच्या नरसीतल्या घरात दिवाणावर निकालपत्रकं पसरलीत, खाली सतरंजीवर प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा आहे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती नोंदी लिहितेय, पोरगी आकडे वाचून दाखवतेय, मी बेरीज तपासतोय. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा वाटलं नव्हतं की वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिसरीच्या लेकरांचे गणिताचे गुण जुळवत बसावं लागेल.

यंदा पहिली ते नववीच्या परीक्षांचं वेळापत्रक राज्यभर एकच लावलं. ८ ते २५ एप्रिल. पूर्वी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पेपर उरकायचे आणि पेपर तपासायला, निकाल लावायला दोन आठवडे हातात असायचे. आता शेवटचा पेपर २५ला आणि निकाल १ मेला. मधे पाच दिवस. शिक्षक संघटनांनी ओरड केली, मीही बातमी दिली. बातमी चार कॉलम लागली, पण दिवाणावरचा गठ्ठा काही कमी झाला नाही.

माय कोपऱ्यात पंख्याखाली बसून हे सगळं बघत होती. वडील मास्तर, त्यामुळं तिनं असे छत्तीस एप्रिल बघितलेत. ती म्हणाली, "बापू, आमच्या टायमाला या दिवसांत निकालाची नाही, ट्रंकांची काळजी असायची. उद्या कुठलं गाव नशिबी येतं, त्याची."

तिच्या या एका वाक्यावर ही पोस्ट लिहितोय. लांब होईल, सांभाळून घ्या. उद्या महाराष्ट्र दिनाच्या पोस्टी पडतीलच. मला वेगळा इतिहास सांगायचाय. लेकरांची सुट्टी लागते त्या दिवशी मास्तरच्या घरात काय सुरू होतं, त्याचा. आपल्या भागात हा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही, कारण मास्तरच्या घराला गावच नसतं. दर चार-सहा वर्षांनी ते उठतं.

आधी एक मेचा हिशेब सांगतो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. बरोबर दोन वर्षांनी, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीनं शिफारस केली, १९६१चा कायदा झाला आणि गावातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडं आली. मास्तरही आला. १ मे १९९९ ला परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आणि शाळेचा निकालही एक मेलाच. म्हणजे आमच्यासारख्या घरांत राज्याचा, जिल्ह्याचा, नोकरीचा आणि लेकरांच्या पास-नापासचा दिवस एकच. सकाळी झेंडा, मग निकाल, आणि दुपारी बदलीची कुजबुज.

पण गोष्ट त्याच्याही आधीची आहे.

आपला भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा सरकारी दप्तरात मास्तर नव्हता, मुदर्रिस होता. मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस. प्राथमिक शाळेला तहतानिया, त्याच्या वरच्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया म्हणायचे. तपासणीला येणारा साहेब मोहतमीम तालीमात. सुट्टीचा वार रविवार नव्हे, शुक्रवार. वर्ष फसली, महिने आजूर, दै, बहमन असे. खालच्या वर्गांत मराठी चालायची, पण पुढं शिकायचं तर उर्दूशिवाय वाट नव्हती. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेच उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं मोठेपण खरं. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला ती भाषाही परकीच. १९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातले जेमतेम नऊ जण साक्षर निघाले. बाकीच्या एक्क्याण्णवांच्या घरी शाळेचं वर्ष संपतही नव्हतं न् सुरूही होत नव्हतं. तिथं सुगी असायची आणि पेरणी असायची.

याच काळात मराठवाड्यात दुसऱ्या प्रकारचा मास्तर तयार झाला. १९२१ मध्ये हिप्परग्याला, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, राष्ट्रीय शाळा निघाली. पुढं अंबाजोगाईची योगेश्वरी, सेलूचं नूतन, नांदेडचं प्रतिभा निकेतन अशा संस्था नावारूपाला आल्या. हिप्परग्याच्या शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे गुरुजी आले. तेच आपले स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्यात, मग अंबाजोगाईत त्यांनी शिकवलं. ज्या माणसानं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं, तो मूळचा शाळामास्तर, हे आपण भाषणात सांगतो आणि विसरतो. या शाळांतल्या गुरुजींना पगार कधी मिळायचा, कधी नाही. शाळेतच राहायचं, पोरांसोबत जेवायचं. स्वामीजी तर संन्यासीच. बाकीच्या संसारी गुरुजींच्या बायकांनी घर कसं रेटलं असेल, हे कुठल्या ग्रंथात सापडत नाही.

१९३८ मध्ये उस्मानियातल्या पोरांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं. शेकडो पोरं शिक्षण अर्धवट टाकून निघाली, त्यांना नागपूर विद्यापीठानं पदरात घेतलं. त्यात एक पुढं देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव. आणि १९४८चा उन्हाळा आठवणारी दोन-चार म्हातारी माणसं आपल्याकडं अजून असतील. तेव्हा सुट्टीत लेकरं मामाच्या गावाला नाही गेली. रझाकारांच्या भीतीनं कितीतरी घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला तेव्हा लोक परतले.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्रात. मुदर्रिस जाऊन मास्तर आला, मास्तरचा गुरुजी झाला. आणि १९६२नंतर गावोगाव एकशिक्षकी शाळा निघू लागल्या. मारुतीच्या पारावर, चावडीत, कुणाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. या शाळांवर जे विशी-बाविशीतले तरुण गेले, त्यातले एक माझे वडील. १९७० साली नोकरीला लागले, २००६ला रिटायर झाले.

माय सांगते, लग्न होऊन पहिल्यांदा ज्या गावाला गेली तिथं गाडीरस्ता नव्हता. ते गाव आता सेनगाव तालुक्यात येतं. पाटलानं वाड्यातली एक खोली दिली, भाडं नाही. गुरुजीकडून भाडं घ्यायचं म्हणजे पाप, अशी समजूत. पण त्याची दुसरी बाजूही होती. खोली पाटलाची म्हणून पाटलाचं पोरगं नापास करायची सोय नव्हती. वडलांनी एकदा केलं. त्या उन्हाळ्यात पाणी भरायला आड बंद झाला, असं माय आजही हसत सांगते. तेव्हा हसली नसेल.

१९७६चा उन्हाळा तिला नीट आठवतो. आणीबाणी होती. कुटुंब नियोजनाच्या 'केसा' आणायचं टार्गेट मास्तरांवर होतं. सुट्टी नावालाच. वडील सकाळी सायकल घेऊन निघायचे, गावोगाव फिरून लोकांना तयार करायचे. ज्या माणसाच्या पोराला वर्षभर शिकवलं त्याच्याच दारात जाऊन हे बोलायचं. लोक मास्तरला बघून शेतात पळायचे. माय म्हणते, "तुझ्या बापाला सगळ्यात जास्त लाज त्या उन्हाळ्यात वाटली." वडील या विषयावर कधीच बोलले नाहीत.

आता माझ्या आठवणीतलं सांगतो. मे १९८८. मी तिसरी पास होऊन चौथीत गेलो होतो. वडलांच्याच वर्गात होतो, त्यामुळं निकालाची धाकधूक घरातच. एक मेला झेंडावंदन झालं, वडलांनी व्हरांड्यात उभं राहून एकेक नाव वाचलं. पास झालेलं लेकरू धावत घरी जायचं आणि बत्तासे नाहीतर साखर घेऊन परत यायचं. गुरुजींच्या टेबलावर साखरेच्या पुड्यांचा ढीग लागायचा. नापास झालेल्याची आई व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहायची, काही बोलायची नाही. वडील तिला म्हणायचे, "कच्चं आहे गं माय, अजून एक वर्ष माझ्यापाशी ठेव." अन् ती ठेवायची.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या अंगणाचा ताबा बाया घ्यायच्या. गावात तेवढी एकच सारवलेली, सपाट, मोठी जागा. माय आणि शेजारच्या दहा-बारा जणी तिथं कुरडया, पापड, सांडगे घालायच्या. आम्ही राखणीला, हातात काठी, चोरून खायला चीक. हळदीचं शिजवणं आटपलेलं असायचं, शेतं मोकळी. बापे लोक रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. कुणाला कर्जाचा कागद वाचून हवा, कुणाला पोरीच्या सासरी पत्र लिहून हवं, कुणाला मोजणीचा अर्ज. वडील कंदिलाच्या उजेडात लिहायचे. म्हणजे सुट्टीतही शाळा सुरूच, फक्त विद्यार्थी मोठे.

त्याच वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात बदलीचा कागद आला. जिंतूर तालुक्यातलं गाव. रोहिण्या निघायच्या आत बिऱ्हाड हलवायचं, कारण मृगाचा पाऊस पडला की गाडीवाट बंद. दोन ट्रंका, एक लोखंडी कॉट, पीठाचा डबा, जातं, वडलांची पुस्तकं पोत्यात, आणि माझी एक शेळी. शेळी न्यायला वडलांनी नाही म्हटलं. मी रडलो. गावच्या पोरांनी बैलगाडी सडकेपर्यंत आणली. बायांनी मायची ओटी भरली. कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी हळद, कुणी मुगाची डाळ. गाडी निघाली तेव्हा वडलांच्या एका माजी विद्यार्थ्यानं, तो तेव्हा विशीतला असेल, गाडीच्या चाकाला हात लावून नमस्कार केला. वडलांना नाही, चाकाला. मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं.

नव्या गावी सामान टाकून आम्ही मामाच्या गावाला गेलो ते पूर्णा-अकोला छोट्या लाईनच्या गाडीनं. सुट्टी काय ती तेवढीच, आठ-दहा दिवसांची. परत आलो ते नव्या गावात, नव्या शाळेत. पहिलीपासून सातवीपर्यंत माझ्या तीन शाळा झाल्या. मला लहानपणाचे मित्र नाहीत, गावं आहेत.

असं का चालायचं? कारण साधं आहे. गावात दुसरा लिहिता-वाचता माणूस नव्हता, आणि मास्तरला रोज जाऊन-येऊन करायला रस्ता नव्हता, गाडी नव्हती. दोघांची एकमेकांवाचून अडायची. आदर खराच होता, पण त्याच्या मुळाशी ही गरज होती. गरज संपली तेव्हा आदर किती उरतो, ते पुढच्या तीस वर्षांत दिसलं.

नव्वदनंतर गावाला डांबरी सडक आली, मास्तरच्या दारात मोटारसायकल आली. मास्तरचं पोरगं चौथीच्या पुढं शिकायला लागलं, त्याला तालुक्याला क्लास हवा. मास्तरची बायकोही नोकरी करू लागली, तिची शाळा दुसऱ्याच दिशेला. दोघांच्या मधलं ठिकाण म्हणजे तालुका नाहीतर जिल्हा. १९९९ला हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि शहराच्या कडेनं प्लॉटिंग पडलं, त्यात शिक्षकांची किती घरं आहेत ते एकदा मोजा. दुसरीकडं गावात शिकलेली पोरं झाली. त्यांना अर्ज लिहायला गुरुजी नको होता. ओटा रिकामा झाला. गुरुजीचा 'सर' झाला, बाईची 'मॅडम' झाली.

नोकरीही बदलली. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. डी.एड. झालेल्या पोरानं प्राथमिक शाळेत तीन वर्षं महिना ३ हजारांवर राबायचं, मग कायम. ते मानधन वाढत वाढत २०२३ मध्ये १६ हजार झालं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. माझ्या वडलांमागं मायला पेन्शन आहे, त्यावर तिचं औषधपाणी कुणापुढं हात न पसरता होतं. बायकोला ती नाही. मार्च २०२३ मध्ये ऐन परीक्षांच्या दिवसांत सात दिवस संप झाला तो याच्यासाठी. तेव्हा लोक म्हणाले, "पगार कमी आहे का यांना?" मी दोन्ही घरं एकाच छपराखाली बघतोय, म्हणून सांगतो, प्रश्न पगाराचा नव्हता, म्हातारपणाचा होता.

आता माझी स्वतःची कबुली. ऑगस्ट २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडं मात्र उचलतात, असा विषय लावून धरला. राज्यभर रान पेटलं. मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव आणायचा, असा नियम आधीच होता. मीही त्या आठवड्यात बातमी केली, 'गुरुजी गावात राहीनात'. पाच शाळा फिरलो, गावकऱ्यांच्या प्रतिक्रिया घेतल्या. मथळा मीच दिला.

संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "अहो, सहावी शाळा राहिली तुमची. माझी." ती नरसीतून रोज चौदा किलोमीटर जाते, चौदा येते. तिच्या शाळेच्या गावात एकही भाड्याची खोली अशी नाही जिथं संडास आहे आणि दाराला आतून कडी लागते. आणि आमची पोरगी? ती हिंगोलीला इंग्रजी शाळेत जाते. मी मास्तरचा पोरगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, बाईचा नवरा, आणि माझं लेकरू त्या शाळेत नाही. गावकऱ्यांना नावं ठेवताना आणि शिक्षकांना जाब विचारताना हे मला आठवतं. त्या रात्री बातमी मागं घेतली नाही, कारण ती खोटी नव्हती. पण ती अर्धी होती.

उरलेली अर्धी म्हणजे सुट्टीचा हिशेब. लोक म्हणतात, मास्तरला वर्षाला उन्हाळ्याची दीड महिना सुट्टी. खरंय. त्या सुट्टीपायी त्याला इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा मिळत नाही, हे कुणी सांगत नाही. आणि त्या दीड महिन्यात काय काय येतं? २०१०च्या उन्हाळ्यात जनगणनेची घरयादी आली. भर उन्हात दारोदार फिरून किती खोल्या, किती माणसं, संडास आहे का, हे शिक्षकांनी लिहिलं. लोकसभा निवडणूकही अलीकडं एप्रिल-मेमध्येच. हिंगोलीचं मतदान २०१९ला १८ एप्रिलला, २०२४ला २६ एप्रिलला. २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागात सुट्टीतही लेकरांना शाळेत जेवण द्यायला सांगितलं. निर्णय योग्यच होता, उपाशी लेकराला सुट्टी नसते. पण खिचडी शिजवायला शाळा उघडणारं कुणीतरी लागतंच. २०२० मध्ये कोरोना आला, पहिली ते आठवीची लेकरं परीक्षा न देताच वर गेली आणि मास्तर चेकपोस्टवर, रेशन दुकानावर, सर्वेक्षणात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये. गंमत बघा, जी तीन कामं सोडलीत त्यातली बहुतेक उन्हाळ्यातच येतात.

म्हणजे १९७६च्या केसांपासून २०२०च्या चेकपोस्टपर्यंत एक गोष्ट बदलली नाही. सरकारला गावात शेवटच्या घरापर्यंत जाणारा माणूस हवा असतो, आणि तो मास्तरच असतो. गावात राहिला नाही तरी गाव त्यालाच माहीत असतं. निजामाच्या मोहतमीमपासून आजच्या ॲपपर्यंत सगळ्यांनी हे ओळखलंय.

आणि बदली? तीही उन्हाळ्यातच. वडलांच्या वेळी बदलीला वशिला लागायचा. मग समुपदेशन आलं. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानं बदल्या ऑनलाइन झाल्या. संवर्ग १, २, ३, ४. अवघड क्षेत्र, सर्वसाधारण क्षेत्र. पती-पत्नी एकत्रीकरण. एकाला जागा मिळाली की त्या जागेवरचा उठतो, त्याला आमच्या घरात 'खो बसला' म्हणतात. २०१८च्या उन्हाळ्यात पहिला मोठा डाव झाला. वशिला गेला, हे मोठंच काम. ज्यांची वर्षानुवर्षं आडवळणाच्या गावातून सुटका होत नव्हती त्यांची झाली. पण ज्यांना कुठंच जागा बसली नाही ते रँडम राउंडमध्ये फेकले गेले. आमच्या ओळखीच्या एका बाईंना रात्री पावणेबाराला मोबाईलवर आपलं नवं गाव कळलं. नवरा एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला, दीड वर्षाचं लेकरू आजीकडं. पूर्वी माणूस माणसाला उठवायचा, आता यंत्र उठवतं. ट्रंका भरायच्याच असतात.

यात गावाचं काय होतं? पूर्वी बैलगाडी सडकेला लागेपर्यंत गाव सोबत यायचं. आता बदली झाली की सर जूनमध्ये येत नाहीत, एवढंच गावाला कळतं. लेकरं पहिल्या दिवशी विचारतात, "आमचे सर कुठं गेले?" कुणी सांगत नाही.

मला जुने दिवस परत आणायचे नाहीत. पाटलाच्या खोलीत, पाटलाच्या मर्जीवर, आड बंद होईल या भीतीनं कुणा बाईनं संसार करावा, असं मी म्हणणार नाही. मायही म्हणत नाही. ती म्हणते, "चांगलं झालं रे, तुझ्या बायकोला ते दिवस नाही आले." पण गावात एक माणूस होता ज्याला प्रत्येक घरातलं लेकरू नावानं ठाऊक होतं, ते लेकरू कच्चं का आहे ते ठाऊक होतं. तो माणूस संध्याकाळी पाच वाजता गाडीला किक मारून निघून जातो, हे नुकसान खरं आहे. त्याला शिव्या देऊन ते भरून निघणार नाही, आणि ग्रामसभेच्या खोट्या ठरावानं तर नाहीच. असे ठराव कसे होतात, ते सह्या करणाऱ्या आपल्यालाच माहीत आहे.

मग काय करता येईल? मी पुढारी नाही, मागण्यांचं निवेदन लिहीत नाही. तीन गोष्टी मात्र दिसतात. एक, निकालाला पाच दिवस नाही, पंधरा दिवस द्या, म्हणजे कच्च्या लेकराच्या आईशी दोन शब्द बोलायला मास्तरला वेळ मिळेल. आज रात्री माझी बायको नोंदी लिहितेय त्या वेगानं कुणाच्याच लेकराबद्दल खरं लिहून होत नाही. दोन, बदल्या करायच्याच तर मे संपायच्या आत संपवा, शाळा सुरू झाल्यावर मधेच वर्ग पोरका करू नका. तीन, गावानं दोन खोल्या बांधाव्यात. सभामंडप, कमानी यांना आपल्याकडं पैसे निघतात. कडी लागणारं दार आणि नळ असलेल्या दोन खोल्या बांधल्या तर 'गावात राहा' म्हणायचा हक्क आपल्याला येईल. आज तो नाही.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो.

नरसीत परतवारी असते, तुम्हाला ठाऊकच आहे. पंढरपूरची आषाढी करून वारकरी पुढच्या एकादशीला इथं नामदेव महाराजांच्या दर्शनाला येतात. वडील २०१९ मध्ये गेले. त्यांच्या जाण्यानंतरच्या पहिल्याच परतवारीला एक साठीकडं झुकलेला... नाही, पन्नाशी ओलांडलेला वारकरी आमच्या दारात आला. गळ्यात माळ, खांद्यावर पताका. म्हणाला, "गुरुजींचं घर हेच का?" वडील गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. आत आला, फोटोपुढं बसला. मायनं ओळखलं. १९८८ला बैलगाडीच्या चाकाला हात लावणारा तोच.

मी त्याला विचारलं, तेव्हा चाकाला का नमस्कार केलास? तो म्हणाला, "गुरुजींकडं बघितलं असतं तर रडू आलं असतं. मी दोनदा नापास झालेलो. दोन्ही वेळा त्यांनीच केलं. तिसऱ्यांदा पास केलं तेव्हा मला खरंच वाचता येत होतं."

तो तुळशीजवळ पाया पडून गेला. मायनं त्याला मूठभर साखर दिली.

उद्या एक मे आहे. सकाळी गावोगाव झेंडा होईल, मग निकाल लागेल. तुमच्या गावच्या शाळेत जा. लेकरू त्या शाळेत नसलं तरी जा. मीही जाणार आहे, बायकोच्या शाळेत, चौदा किलोमीटर, पोरीला मागं बसवून. हातात साखरेची पुडी घेऊन जा. आणि मास्तर, बाई जे कुणी असतील त्यांना एवढंच विचारा, "जूनमध्ये तुम्हीच असणार ना?"

तुमच्या गावचे गुरुजी कुठं राहायचे, कुणाच्या वाड्यात, कुठल्या पारावर शाळा भरायची, आठवत असेल तर खाली लिहा. नावं राहू द्या, आठवण सांगा. हा इतिहास असाच गोळा करावा लागेल.

पोरगी हाका मारतेय, "पप्पा, सतरा नंबरच्या लेकराची बेरीज चुकलीय." बघतो. बेरीज चुकून चालणार नाही.